कोरड्या महिन्यांची मुळं

१२ नोव्हेंबर

दादा,

"तिनं लावलंय ना, मग नुसतं पाणीच निघणार."

हे तुम्ही मला उद्देशून म्हणाला नव्हता. मला न्हाण आलं तेव्हापासून तुम्ही मला उद्देशून काहीच म्हणालेले नाही, आणि मीही तुम्हाला नाही. बहीणभावांची रीतच ती. तुम्ही नेमानी काकांकडे तोंड करून बोललात, पण मागे बायकांच्या चटईवर बसलेल्या मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. थोरल्या मुखियांच्या मयतीला लाऊ बेटांवरून आलेले पाहुणे करवंट्या अर्ध्याच पिऊन खाली ठेवत होते. आपल्या कुळाने दिलेलं यांगोनाचं मूळ कालवून प्यायल्यावर व्हायला हवी तशी कुणाचीही जीभ बधिर होत नव्हती. चव होती ती धुराची आणि बुरशीची. त्या वर्षी तुम्ही सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेलात ते गेलातच.

मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहिते आहे. कागदाला तोंड नसतं, त्यामुळे रीत मोडत नाही, असं मी मनाला समजावलं आहे. लोसालिनी वहिनी शेजारी बसून कसावा सोलतायत. त्या म्हणाल्या, "मोडली तर मोडली. नवऱ्याला मी लिहून थकले, आता तू लिही. बघू कुणाचं उत्तर आधी येतं." मग हसल्या. त्या बऱ्या आहेत. तुमच्या खोलीतली चटई दर ख्रिसमसला बदलतात.

लिहायचं कारण असं, की मुखियांची रिकामी गादी आता भरायची ठरली आहे. थोरल्यांच्या मुलाला बसवणार. गादीवर बसताना त्याने जी पहिली करवंटी प्यायची, तिचं मूळ द्यायचा मान आपल्या कुळाचा, आजोबांच्याही आधीपासूनचा. पण मयतीच्या वेळची गोष्ट कुणी विसरलेलं नाही. सिरेलीच्या कुळाने मान मागितलाय. सिरेली चर्चच्या पायरीवर मला गाठून म्हणाला, "तोरिका, तुम्ही लोक केक आणा. मूळ आम्ही आणतो." आतेभाऊ असल्यामुळे त्याला माझी थट्टा करायची मुभा आहे आणि मला राग यायची नाही. तरी आला.

बाबांनी शेवटच्या वर्षी डोंगराच्या उतारावरची जी जमीन मला लावायला दिली, ती तुम्हाला पटली नव्हती. यांगोना पुरुषांनी लावायची. माझं लग्न मोडून मी परत आले होते आणि बाबांना माझ्या हाताला काम हवं होतं, एवढंच. मयतीला उपटलेली रोपं तिथलीच. त्यांच्या कांड्या मी पुन्हा लावल्या. त्याच आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यायत.

मुळात पाणी होतंच, दादा. ते मी कधी नाकारलं नाही. पण ते माझ्या हातचं नव्हतं. ते फेब्रुवारीचं होतं.

तोरिका


२० डिसेंबर

दादा,

काल सभा झाली. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, बसवणूक जानेवारीच्या अखेरीस करावी. सुवा शहरात कामाला असलेली मंडळी तेव्हा सुट्टीवर घरी असतात, बोटीही जास्त असतात.

मी मागून काकांच्या पाठीला बोट लावलं. काका दचकले. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे मला कुजबुजावं लागलं ते अर्ध्या सभेला ऐकू गेलं.

"काका, त्यांना म्हणा, ऑगस्टपर्यंत थांबा."

"कशाला?" काका मान न वळवता म्हणाले.

"पावसाळ्यात झाड पानं काढतं. बघा ना, कशी हाताएवढी झालीयत. सगळा जीव वर. मूळ फक्त पाणी पितं. आत्ता उपटलं तर तीन टोपल्यांची वाळून एक होणार नाही, आणि वाळवायला ऊन कुठाय? पुन्हा चुलीवर धुरी देत बसायचं. कोरड्या थंड महिन्यांत पानं पिवळी पडून गळतात, मग जीव खाली उतरतो."

काकांनी हे सगळं सभेला सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीने. म्हणजे आधी आजोबा, मग देव, मग पाऊस. सिरेलीने मांडीवर थाप मारली. "वा! यांगोनाचा मुहूर्त काढणार का आता? पत्रिका जुळवायची राहिली!" सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर हरले असते.

मग मुखियांचा मुलगा पहिल्यांदाच बोलला. तो लाजरा आहे, तुम्हाला आठवत असेल. त्याने विचारलं, "मग माझ्या वडिलांच्या वेळी का नाही थांबलात?"

मी काकांच्या पाठीला बोट लावत बसले नाही. "तेव्हा वडील गेले होते," मी म्हणाले. "मयत थांबत नाही. माझ्या भावाने फेब्रुवारीत उपटलं, कारण दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. तेव्हा कुणीही उपटलं असतं तरी तेच निघालं असतं. पण आता कुणी मेलेलं नाही. आता थांबता येतं."

दादा, हे वाक्य मी तुमच्यासाठी म्हणाले. सभेला ते माझ्या रोपांसाठी वाटलं असेल.

ठरलं असं: बसवणूक ऑगस्टमध्ये. पहिलं मूळ आपलं. पण पाहुण्यांनी पुन्हा करवंटी अर्धी ठेवली, तर मान सिरेलीच्या कुळाकडे जाईल, आणि परत येणार नाही. काकांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "पोरी, मला तोवर जिवंत ठेवायची जबाबदारी तुझी."

तुम्ही तिथे सफरचंद कच्चं तोडता का? तुमचा मुकादम तोडू देतो का? तेवढंच मी म्हणत होते.

तोरिका


९ मार्च

दादा,

बातम्यांत पाहिलं असेल. आम्ही सगळे आहोत. छप्पर गेलं ते स्वयंपाकघराचं, घराचं नाही. शाळेची भिंत पडली. वहिनींना काही झालेलं नाही, फक्त आवाज बसलाय, कारण वादळाला त्या मोठमोठ्याने शिव्या देत होत्या.

रेडिओवर वादळाची खबर आली तशी सगळ्या गावाने यांगोना उपटायला सुरुवात केली. त्यांचंही बरोबरच आहे. वाऱ्याने झाड हललं की मुळं मातीत सैल होतात, मग पाणी शिरतं, मग कुजतं. उभं पीक चिखलात घालवण्यापेक्षा मिळेल ते घरात आणायचं. सिरेली खांद्यावर गाठोडं घेऊन उताराजवळून गेला आणि थांबला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. म्हणाला, "उपट, तोरिका. हट्ट करू नको. ऑगस्टचं ऑगस्टला बघू."

माझ्या हातात पहार होती. मी एका रोपाच्या बुडाशी ती रोवलीसुद्धा. मग मूळ बाहेर डोकावलं तेव्हा ते नखाने दाबून पाहिलं. काकडीसारखं. नख आत गेलं आणि पाणी आलं.

मी पहार ठेवली आणि कोयता घेतला. वहिनींना हाक मारली. आम्ही दोघींनी सगळ्या रोपांच्या फांद्या गुडघ्याखाली छाटल्या. वाऱ्याला धरायला काही ठेवलं नाही. बाबा एकदा असं करताना मी पाहिलं होतं, पण ते चार-पाच रोपांवर. पूर्ण उतारावर कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. वहिनी एकेक फांदी तोडताना म्हणत होत्या, "हे तुझ्या दादाचं डोकं. हे पण तुझ्या दादाचं डोकं." नंतर दोघींनी उतारावर आडवे चर खणले, पाणी बाजूला जाईल असे. पाऊस आडवा यायला लागला तेव्हा आम्ही चिखलात बसून खणत होतो आणि हसत होतो, भीतीमुळे.

खालच्या कडेची ओळ गेली. चर तिथवर पोहोचला नव्हता. ती मुळं मी उपसून टाकली, कुजका वास अजून बोटांना आहे. बाकीची उभी आहेत. उभी म्हणजे काय, बुटकी खुंटं. गावातून जाणारे-येणारे म्हणतात, तोरिकाने रोपांचं मुंडण केलं.

आता सगळ्या घरांत चुली पेटल्यायत आणि वर यांगोना टांगलीय. सगळ्या गावाला मयतीच्या दिवसासारखा वास येतो. मला झोप येत नाही त्या वासाने. खुंटं पुन्हा फुटतील का, हेही मला माहीत नाही. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही.

तोरिका


१७ जून

दादा,

पार्सल पोहोचलं.

पत्र नव्हतं. मी कागद उलगडून उलगडून शोधलं. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा गुंडाळा, वाळवणीवर ताणून घालायला. आणि रबरी बूट, माझ्या मापाचे. माझं माप तुम्हाला कसं माहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. मग आठवलं, लहानपणी आपण एकच जोडी वापरायचो. सकाळी तुम्ही, दुपारी मी. तेव्हा आपण बोलायचोसुद्धा.

वहिनींनी पार्सल पालथं घालून झटकलं. "बहिणीला बूट, रोपांना छप्पर. आणि बायकोला?" गुंडाळ्याच्या पुठ्ठ्याच्या नळीत हात घातल्यावर त्यांना आत एक फुलांची ओढणी सापडली. नंतर दिवसभर ती डोक्याला बांधून त्यांनी गावात तीन चकरा मारल्या, पाणी आणायच्या निमित्ताने, रिकामी बादली घेऊन.

खुंटं फुटली, दादा. एप्रिलमध्ये डोळे आले, मेमध्ये पानं. पण पानं लहान आहेत, हाताएवढी नाहीत. पाऊस थांबलाय. सकाळी गारवा असतो, डोंगरावर तर शाल लागते. पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्यायत. मी रोज सकाळी तुमचे बूट घालून जाते, एका रोपाची माती बोटाने थोडी उकरते, नख लावते, परत झाकते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नख आत गेलं नाही.

नेमानी काका म्हणतात, "मुळाला आता उचक्या लागल्या असतील, किती वेळा बघतेस!" काका हल्ली दुपारी जास्त झोपतात. जेवण कमी झालंय. माशांचा रस्सा मात्र मागून घेतात, भरपूर नारळाचं दूध घालून.

बसवणुकीत मूळ पुढे ठेवताना कुळाच्या थोरल्याने बोलायचं असतं. थोरले तुम्ही. मी तुम्हाला या असं म्हणत नाही आहे. फक्त कळवते आहे, की काकांचा आवाज लहान झालाय.

तोरिका


२८ जुलै

दादा,

काढणी झाली.

सकाळी दव वाळल्यावर सुरुवात केली. पहार थेट खोडापाशी मारायची नाही, लांबून, मातीची मान सैल करत करत जायचं, नाहीतर बारीक मुळं तुटतात, आणि सगळा तिखटपणा तर त्या बारीक मुळांतच. तुम्हाला मी काय सांगते! पहिलं रोप वहिनी आणि मी दोघींनी धरलं आणि ओढलं. ते आलं नाही. पुन्हा ओढलं. मग ते एकदम आलं आणि आम्ही दोघी पाठीवर पडलो, आणि मूळ आमच्या अंगावर. एवढं मोठं, इतक्या लांब दाढ्या असलेलं! वहिनी खालून ओरडल्या, "अगं, हे तर तुझ्या बाबांसारखं दिसतं!"

ओढ्यावर धुतलं. मूळ तोडलं तर कट्ट आवाज आला. आतून पांढरं नाही, फिकट पिवळं, लोण्यासारखं. फेब्रुवारीत कसं होतं? भिजलेल्या लाकडासारखं राखाडी. मी एक तुकडा दाढेखाली धरला. काही क्षण नुसती मिरीसारखी चव. मग ओठ गेले. मग जीभ गेली. मी वहिनींना काहीतरी सांगायला गेले आणि तोंडातून नीट शब्दच निघेना. त्या इतक्या हसल्या की ओढ्यात बसल्या.

सिरेली तिथून चालला होता. मी त्याच्यापुढे एक तुकडा धरला. त्याने चावला. उभा राहिला. आणखी एक मागितला. मग म्हणाला, "पत्रिका जुळली म्हणायची." आणि खाली बसून धुवायला लागला, न सांगता. मार्चमध्ये उपटलेलं त्याचं सगळं मूळ वाळून चिमटीएवढं झालं होतं आणि व्यापाऱ्याने ते परत केलं होतं, हे मला माहीत होतं. मी त्याबद्दल बोलले नाही. पुढच्या वर्षी सिरेलीसुद्धा छाटणार आहे. त्याने मला विचारलं, गुडघ्याखाली म्हणजे नेमकं कुठे.

मानासाठी राखलेली थोडी रोपं सोडून आता सगळं तुमच्या प्लास्टिकखाली वाळतंय. ऊन आत येतं, दव येत नाही. किती सुटसुटीत! आतमध्ये हात घातला की गरम, कोरडा वास. धूर नाही.

तोरिका


१९ ऑगस्ट

दादा,

तुम्ही आला नाहीत. मी बोटीकडे बघत होते हे वहिनींनी बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्याही बोटीकडेच बघत होत्या. असो. आता ऐका.

मैदानावर मंडप होता. मुखियांचा मुलगा झाडाच्या सालीचं कापड गुंडाळून बसला होता, घामाने डबडबलेला, बिचारा. समोर लाऊचे पाहुणे. तेच, दादा. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, मयतीला ज्याने पहिली करवंटी खाली ठेवली होती, तोही. मानासाठी राखलेली आपली अख्खी रोपं मुळांसकट त्यांच्यापुढे आडवी ठेवली. नेमानी काका पुढे सरकले. त्यांचा आवाज येईना. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना इतका आवाज कुठून आला देव जाणे. आजोबा, बाबा, आणि मग तुमचं नाव. इलाइतिया. कुळाचा थोरला म्हणून. तुमचं नाव मैदानावर इतक्या वर्षांनी कुणीतरी मोठ्याने घेतलं.

तानोआच्या मोठ्या लाकडी भांड्यात मूळ कालवलं. पहिली करवंटी नव्या मुखियांना. ते एका दमात प्यायले. टाळ्या वाजल्या. दुसरी त्या म्हाताऱ्या पाहुण्याकडे गेली.

त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि थांबला. त्याला आठवत होतं, हे मला चटईवरून दिसत होतं. वहिनींनी माझं मनगट धरलं, अजून निळं आहे. तो प्यायला. सगळी. करवंटी उलटी करून दाखवली, एक थेंब पडला नाही. मग टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच ठेवले. ओठ हलवून पाहिले. आणि तो हसायला लागला, दादा, लहान मुलासारखा, बधिर तोंडाने.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

काकांनी पुन्हा तुमचं नाव सांगायला हवं होतं. रीत ती. ते म्हणाले, "मान इलाइतियाचा. लावणारे हात तोरिकाचे. आणि वेळ पण तिनेच ठरवली."

मग त्या म्हाताऱ्याने पुढची भरलेली करवंटी घेतली, प्यायला नाही, आणि मागे पाठवली. पुरुषांच्या हातांवरून, एकाकडून दुसऱ्याकडे, आमच्या चटईपर्यंत. असं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्हीही नसेल पाहिलं. सिरेलीने शेवटी माझ्या हातात दिली आणि पुटपुटला, "सांडू नको, बाई, सगळे बघतायत." मी प्यायले. चव चिखलाची, मिरीची, आणि मग काहीच नाही, नुसती शांतता तोंडभर. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी, दादा. बाबांच्या उतारासाठी.

मान आपलाच राहिला. काकांनी तिथेच जाहीर केलं, की यापुढे आपल्या कुळाचं मूळ फक्त कोरड्या महिन्यांत निघेल, आणि मयतीसाठी दर वर्षी थोडं वाळवून, डब्यात भरून, घरात तयार ठेवायचं. म्हणजे पुन्हा कुणाच्या मुलाला फेब्रुवारीत उपटावं लागणार नाही, आणि कुणाला मैदानावर मान खाली घालावी लागणार नाही. ही दुसरी गोष्ट त्यांना मी सुचवली होती. ती तुमच्यासाठी होती.

सोबत पुडकं पाठवते आहे. सगळ्यात जुन्या रोपाचं बारीक मूळ, वहिनींनी कुटलेलं, मी गाळलेलं. पण ते तिथे पिऊ नका. सफरचंदाच्या बागेत, परक्या भांड्यात पिऊ नका. तसंच ठेवा आणि घेऊन या. बोट दर बुधवारी असते.

आल्यावर काकांना मधे घालू नका, वहिनींना नको, सिरेलीला तर मुळीच नको. रीत मोठी आहे, मला माहीत आहे. ती मोडली तर गाव काय म्हणेल तेही माहीत आहे, आणि तुम्ही कसे आहात तेही. तुम्ही नाही म्हणाल. तेही थेट मला नाही, वहिनींना लिहिलेल्या पत्रात, शेवटी, एका ओळीत.

तरी मागते. एकदाच माझ्या समोर बसा. मी कालवीन, तुम्ही प्या, आणि माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन, मला सांगा, पाणी लागलं की मूळ.

तोरिका